बी ६५०, बी ६६०, बी ७६०, बी ८५०, बी ८६०: मदरबोर्ड घ्यायचा की आकडे पाठ करायचे?

दूर्वादल

सहा वर्षे विनातक्रार चाललेल्या माझ्या संगणकाने गेल्या महिन्यात मान टाकली, तेव्हा या वेळी तयार संच न घेता सुटे भाग निवडून स्वतःच जोडणी करायची असे ठरवले. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी यांविषयीचे वाचन दोन संध्याकाळींत उरकले. मदरबोर्डपाशी मात्र गाडी जी अडली आहे ती अजून तिथेच आहे.

मोठा आकडा म्हणजे नवा चिपसेट (बोर्डावरची, बाकीच्या भागांच्या जोडण्या सांभाळणारी चिप) आणि नवा म्हणजे अर्थातच चांगला, अशी माझी भाबडी समजूत होती. त्या समजुतीवर विसंबून मी शीर्षकातल्या पाच चिपसेटांचा तक्ता केला, आकड्यांच्या चढत्या क्रमाने लावला, आणि तासाभराने माझ्या ध्यानात आले की ही एका घरातली पाच भावंडे नव्हेतच. बी ६५० आणि बी ८५० एएमडीचे आहेत, तर उरलेले तीन इंटेलचे. म्हणजे ६५० आणि ६६० यांत दहाचा फरक दिसत असला, तरी एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसतसुद्धा नाही.

माझे काम प्रोग्रामिंगचे आणि छायाचित्रांच्या संपादनाचे आहे. दोन एसएसडी आणि मध्यम ताकदीचे एक ग्राफिक्स कार्ड लावायचे आहे, आणि ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणे) करण्याची मला अजिबात हौस नाही. या नावांतून नेमके काय कळते, आणि निवड करताना त्यांना किती वजन द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सममिती

नावे वाटतात तितकी अनाकलनीय नाहीत. शेकड्याचा आकडा पिढी सांगतो, तर दशकाचा आकडा आणि सुरुवातीचे अक्षर त्या पिढीतली पायरी सांगतात. इंटेलच्या बाराव्या पिढीबरोबर एच ६१०, बी ६६०, एच ६७० आणि झेड ६९० हे चिपसेट आले. त्यांतला एच ६१० सर्वांत साधा असून त्यावर रॅमच्या दोनच पट्ट्या बसतात, बी ६६० मधला, आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याची अधिकृत मुभा देणारा एकटा झेड ६९०. पुढच्या पिढीत हीच उतरंड बी ७६०, एच ७७०, झेड ७९० अशी झाली, आणि सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) बदलून एलजीए १८५१ आले तेव्हा एच ८१०, बी ८६०, झेड ८९० अशी.

एएमडीकडे ए, बी आणि एक्स अशी तीन अक्षरे आहेत आणि चढता क्रम तोच आहे. एवढे लक्षात ठेवले की माझ्या मते गोंधळाला फारसे कारण उरत नाही.

जुनापंखा

सममिती यांनी सांगितलेला नियम सुबक आहे. तो फक्त कंपन्यांच्या वाचनात आलेला दिसत नाही.

इंटेलचा बी ३६० हा चिपसेट २०१८ च्या एप्रिलमध्ये आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बी ३६५ आला. नियमाप्रमाणे बी ३६५ ही सुधारित आवृत्ती असायला हवी. प्रत्यक्षात बी ३६० ची चिप १४ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेली होती आणि नंतर आलेल्या बी ३६५ ची जुन्या २२ नॅनोमीटर प्रक्रियेवर. त्यात पीसीआय एक्स्प्रेसच्या लेन (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी वगैरेंच्या माहितीच्या वाटा) बारावरून वीस झाल्या हे खरे, पण १० गिगाबिटचे यूएसबी गेले आणि चिपसेटमध्ये अंगभूत असलेली वायफायची सोयही गेली. म्हणजे पाचाने वाढलेला आकडा काही बाबतींत पुढे होता आणि काही बाबतींत चक्क मागे.

दुसरे उदाहरण याहून त्रासदायक आहे. २०२० साली एलजीए १२०० सॉकेटसाठी एच ४१०, बी ४६०, एच ४७० आणि झेड ४९० असे चार चिपसेट आले. पुढच्या वर्षी त्याच सॉकेटात बसणारे अकराव्या पिढीचे प्रोसेसर आले, आणि ते एच ४७० व झेड ४९० वर चालतील, पण एच ४१० व बी ४६० वर चालणार नाहीत असे ठरले. पिढी तीच आणि सॉकेटही तेच, तरी चारांतले दोघे पंक्तीतून उठवले गेले, कारण त्या दोघांच्या चिप जुन्या प्रक्रियेवरच्या होत्या. पेटीवरच्या नावावरून हे ओळखण्याची काही युक्ती असेल तर सममिती यांनी अवश्य सांगावी.

सममिती

अशी युक्ती नाही, हे मान्य करतो. नियमाला अपवाद असतात एवढेच म्हणेन.

जुनापंखा

अपवादांची संख्या वाढत गेली की नियमालाच अपवाद म्हणायची पाळी येते.

खिळेमोळे

या बी ४६० चा फटका मी स्वतः खाल्लेला आहे आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे दहाव्या पिढीचा प्रोसेसर आणि बी ४६० बोर्ड असा संच व्यवस्थित चालला होता. अकराव्या पिढीचा प्रोसेसर मिळण्याची संधी आली तेव्हा सॉकेटचे नाव तेवढे ताडून पाहिले आणि निर्धास्त झालो. जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, पेस्ट लावली, हीटसिंकचे चारही पाय दाबून बसवले. बटण दाबल्यावर पंखे फिरू लागले, पडदा मात्र काळाच राहिला, आणि बोर्डाच्या कोपऱ्यात प्रोसेसरचा छोटा लाल दिवा लागला तो लागूनच राहिला. मी रॅम काढून घातली, बॅटरी काढून बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रणालीच्या) नोंदी पुसल्या, तारा तपासल्या. दोन तासांनी बोर्डाच्या पानावरची प्रोसेसरांची यादी उघडली, तेव्हा त्या यादीत अकराव्या पिढीचे एकही नाव नव्हते.

ही यादी आधी उघडायला दोन मिनिटे लागली असती. शिवाय जुना प्रोसेसर परत बसवताना सॉकेटमधली एक पिन किंचित वाकली, ती भिंगाखाली सुईने सरळ करण्यात पुढचा तास गेला, तो वेगळाच.

अधोरेखित

खिळेमोळे, तुमची पिन सरळ झाली याचे समाधान वाटले. माझी झाली नव्हती.

तळघर

दूर्वादल यांच्या मूळ प्रश्नातला दोन घरांचा भाग बाजूला पडतो आहे, म्हणून त्याविषयी लिहिते. हा गोंधळ योगायोगाने झालेला नाही, त्याला क्रम आहे. २०१७ च्या सुरुवातीला इंटेलचा मधल्या पायरीचा चिपसेट बी २५० होता. एएमडीने रायझन प्रोसेसरांबरोबर जो मधल्या पायरीचा चिपसेट आणला त्याला बी ३५० असे नाव दिले, म्हणजे अक्षर तेच आणि आकडा शंभराने पुढचा. इंटेलच्या पुढच्या पिढीला साहजिकच मिळाले असते ते नाव अशा रीतीने आधीच घेतले गेले होते, म्हणून इंटेल बी ३६० वर गेले. तेव्हापासून एएमडीकडे पन्नास आणि इंटेलकडे साठ अशी वाटणी होऊन बसली: बी ४५० आणि बी ४६०, बी ५५० आणि बी ५६०. सहाशेच्या पिढीत इंटेलचा बी ६६० २०२२ च्या जानेवारीत आला आणि एएमडीचा बी ६५० त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. मोठ्या संगणकांच्या बाबतीतही हेच घडले: इंटेलचा एक्स २९९ आणि एएमडीचा एक्स ३९९ हे दोन्ही २०१७ चेच.

यानंतर एएमडीने सातशेची मालिका घरगुती संगणकांसाठी आणलीच नाही आणि थेट आठशेवर उडी घेतली. हा मजकूर वाचून कोणी बी ७५० शोधायला निघाले तर हाती काही लागणार नाही.

त्यामुळे दूर्वादल यांनी तक्ता आकड्यांच्या क्रमाने लावण्याऐवजी सॉकेटप्रमाणे तीन गठ्ठ्यांत लावावा: बी ६५० आणि बी ८५० यांचे सॉकेट एएम ५, बी ६६० आणि बी ७६० यांचे एलजीए १७००, आणि बी ८६० एकटा एलजीए १८५१ चा. तक्त्यातला निम्मा गोंधळ तिथेच सरेल.

सममिती

तळघर यांनी पन्नास आणि साठ यांची वाटणी छान मांडली आहे. एक जोड देतो: एक्स हे अक्षर दोन्ही घरांत आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. इंटेलचे एक्स ५८, एक्स ७९, एक्स ९९, एक्स २९९ हे खास वर्गातल्या महागड्या संचांचे चिपसेट होते आणि त्यांचे सॉकेटही निराळे असे. एएमडीचे एक्स ३७०, एक्स ४७०, एक्स ५७० मात्र बी असलेल्या बोर्डांच्याच सॉकेटाचे आहेत.

नवखापट्टीचा

बी म्हणजे बिझनेस आणि एच म्हणजे होम असे कुठेतरी वाचले होते. मग झेड म्हणजे काय?

अधोरेखित

झेड म्हणजे वर्णमाला संपली, आता याच्या वर काही नाही.

जुनापंखा

अक्षरांचा विस्तार लक्षात ठेवण्यापुरता ठीक आहे, त्यावर निर्णय बेतू नये. कचेरीतल्या संगणकांसाठी क्यू ६७० सारखा चिपसेट असतो आणि ईसीसी रॅम (आपल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी) हवी असेल तर डब्ल्यू ६८० पाहावा लागतो, एवढी माहिती पुरेशी आहे.

धूळखात

माझे वय झाले असल्यामुळे थोडा इतिहास सांगण्याची परवानगी घेतो. विषयाला धरूनच सांगतो.

चिपसेटच्या नावाला एवढे महत्त्व का आले, हे समजायला हवे असेल तर मागे जावे लागते. एके काळी बोर्डावर खरोखरच दोन चिपांचा संच असे. नॉर्थब्रिज प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांना जोडत असे, आणि साउथब्रिज डिस्क, यूएसबी वगैरे सांभाळत असे. रॅमचा नियंत्रक नॉर्थब्रिजमध्ये असल्यामुळे रॅम कोणत्या प्रकारची, किती आणि किती वेगाने चालणार हे चिपसेट ठरवीत असे. तोच प्रोसेसर दोन वेगळ्या चिपसेटांवर बसवला तर वेगातला फरक जाणवण्याइतका असे. इंटेलचा ४४० बीएक्स १९९८ मध्ये आला आणि त्याच्यानंतरचे चिपसेट बाजारात येऊनही लोक तो सोडायला तयार नव्हते. व्हीआयए या कंपनीच्या केटी २६६ आणि केटी २६६ ए यांच्यात केवळ एका ‘ए’चा फरक होता, पण रॅमच्या वेगात त्या ‘ए’ने मोठी सुधारणा केली होती. तेव्हा नावातले शेवटचे अक्षर वाचणे हे खरोखर उपयोगाचे ज्ञान होते.

पुढे एएमडीने २००३ च्या अॅथलॉन ६४ मध्ये रॅमचा नियंत्रक प्रोसेसरातच नेला आणि इंटेलने २००८ मध्ये तेच केले. ग्राफिक्स कार्डाच्या लेनही यथावकाश प्रोसेसरात गेल्या, आणि इंटेलच्या २००९ च्या पी ५५ पासून दोन चिपांच्या जागी एकच चिप उरली. आज जिला आपण चिपसेट म्हणतो तिच्याकडे प्रामुख्याने जुन्या साउथब्रिजचीच कामे आहेत: जादा यूएसबी, साटा (डिस्क जोडण्याची सोय) आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या काही जादा लेन. सत्ता गेली, पण पेटीवरचे नाव मात्र तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापले जाते.

दूर्वादल

धूळखात यांचा प्रतिसाद वाचून बऱ्याच गोष्टी जागेवर बसल्या. म्हणजे माझा संगणक बी ६५० वर असो वा एक्स ६७० वर, तोच प्रोसेसर आणि तीच रॅम असताना छायाचित्रे सारख्याच वेगाने उघडतील, असे समजावे का?

धूळखात

हो, बोर्डाची वीजपुरवठ्याची बाजू ठीक असेल तर मोजून दाखवण्याइतका फरकसुद्धा क्वचितच मिळेल.

उंचउडी

मला हे पटत नाही. बोर्ड ही वारंवार बदलण्याची वस्तू नव्हे, त्यामुळे घ्यायचाच तर एक्स घ्यावा आणि निश्चिंत व्हावे. बी घेणारे बहुतेक लोक वर्षभराने ‘अजून एक एसएसडी कुठे लावू’ असा धागा काढताना दिसतात. नवे घेताना सगळ्यांत वरचे घ्यावे, या मताचा मी आहे.

जुनापंखा

‘एक्स घ्यावा’ हे वाक्य पूर्ण होत नाही, कारण कोणता एक्स हे सांगावे लागते. एएमडीच्या एक्स ६७० मध्ये प्रॉमंटरी २१ या चिपा दोन असतात, एकीच्या मागे दुसरी जोडलेली. त्यानंतर २०२४ च्या सप्टेंबरअखेर आलेल्या एक्स ८७० मध्ये तीच चिप एकच आहे. बी ६५० मध्ये तीच एक चिप आहे आणि बी ८५० मध्येही तीच. दोन चिपा हव्या असतील तर आता एक्स ८७० ई घ्यावा लागतो. म्हणजे चिपसेटपुरते बोलायचे तर नव्या एक्स ८७० चे नाते जुन्या एक्स ६७० पेक्षा बी ६५० शी जवळचे आहे. एक्स ८७० वर ४० गिगाबिटचे यूएसबी ४ आणि ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआय एक्स्प्रेस ५.० सक्तीचे केले आहे हा फरक खरा, पण तो चिपेतला नसून बोर्ड बनवणाऱ्यांवर घातलेल्या अटींतला आहे.

आणि दोन चिपा असल्या तरी दोघींचा प्रोसेसरशी संबंध पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या चारच लेनमधून येतो. बाहेर दहा दारे असली तरी आत जायचा बोळ एकच, अशी ती रचना आहे.

उंचउडी

बोळाचा मुद्दा मान्य, पण सगळी दारे एकाच वेळी कोण उघडतो? जागा असणे आणि ती एकदम वापरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या बोर्डावर चार एसएसडी आहेत आणि त्यांतल्या दोन एका वेळी कामात असल्या तरी पुष्कळ झाले.

जुनापंखा

हा युक्तिवाद रास्त आहे. ज्यांना चार एसएसडी लागतात त्यांनी वरचा चिपसेट जरूर घ्यावा. दूर्वादल यांना दोनच लागतात.

वळणवाट

‘लेन’ला मार्गिका म्हणावे अशी माझी अल्प सूचना आहे.

अधोरेखित

हरकत नाही, मात्र मग ‘चिपसेटच्या मार्गिकांवर कोंडी’ असे लिहिल्यावर लोक वाहतूक पोलिसांना फोन करतील.

तळघर

इथे बी ८४० चा उल्लेख झालाच पाहिजे, कारण दूर्वादल यांच्या तक्त्यात तो नाही आणि शोधताना तो नक्की समोर येणार. बी ८५० आणि बी ८४० यांत दहाचाच फरक असल्यामुळे दोघे सख्खे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात ते नात्यातलेही नाहीत. बी ८४० मध्ये वेगळी, जुन्या वळणाची चिप आहे, तिच्या स्वतःच्या लेन पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या आहेत, ग्राफिक्स कार्डाची खाच ४.० ची आहे आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही. गुणांनी तो ए ६२० च्या रांगेत बसतो, तरी अक्षर मात्र बी मिळाले आहे. ओव्हरक्लॉकिंग नको असलेल्याला तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. तो बी ८५० चा धाकटा भाऊ समजून घेऊ नये, एवढेच सांगायचे आहे.

‘ई’चेही असेच आहे. बी ६५० ई मध्ये ग्राफिक्स कार्डासाठी ५.० ची हमी असते आणि नुसत्या बी ६५० मध्ये ती नसते. चिप दोन्हींत तीच.

सममिती

माझ्या पहिल्या प्रतिसादातला ‘फारसे कारण उरत नाही’ हा भाग मी मागे घेतो.

नवखापट्टीचा

मी सध्या बी ६६० आणि बी ७६० यांत अडकलो आहे. दोघांचे सॉकेट एकच असेल तर सातशेसाठी थांबण्यात काय मिळते?

जुनापंखा

फार थोडे. दोन्ही चिपसेटांवर प्रत्येकी चौदाच लेन आहेत. बी ६६० मध्ये त्यांतल्या सहा ४.० च्या आणि आठ ३.० च्या आहेत, तर बी ७६० मध्ये दहा ४.० च्या आणि चार ३.० च्या. प्रोसेसर दोन्हींवर बारावी, तेरावी आणि चौदावी या तिन्ही पिढ्यांचे चालतात. फक्त बी ६६० वर नव्या पिढीचा प्रोसेसर बसवायचा असेल तर बायोस अद्ययावत असल्याची खात्री करावी.

तुमच्या बाबतीत खरा धोका दुसरीकडेच आहे. एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले आणि चिपसेटचे नाव दोहोंवर तेच असते. बोर्डाच्या नावाअखेरीस ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ असे बारीक शेपूट असते, तेवढीच खूण. दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदूच असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे चुकीची पट्टी बसत नाही. जोर लावून बसवू नये.

खिळेमोळे

शेपटांचा विषय निघालाच आहे तर बोर्ड बनवणाऱ्यांच्या नावांविषयीही लिहितो, कारण चिपसेट कळला तरी एकाच चिपसेटाचे एकाच कंपनीचे दहा दहा बोर्ड असतात. चिपसेटच्या आकड्याला चिकटून ‘एम’ असेल तर तो सहसा मायक्रो एटीएक्स आकाराचा असतो आणि ‘आय’ असेल तर मिनी आयटीएक्स. ‘वायफाय’ किंवा ‘एएक्स’ असेल तर वायफाय आहे. ‘गेमिंग’, ‘प्रो’, ‘एलीट’ हे शब्द मात्र शोभेचे समजावेत, कारण एका कंपनीचा प्रो दुसरीच्या साध्या बोर्डाहून साधा निघू शकतो.

यांतले काहीच व्हीआरएमविषयी सांगत नाही. प्रोसेसरला वीज पुरवणारा तो भाग दुबळा असेल आणि त्यावर हीटसिंकही नसेल, तर मोठा प्रोसेसर लांबलचक कामात वेग कमी करून बसतो. स्वस्तातल्या एच ६१० बोर्डावर सर्वांत वरचा प्रोसेसर सॉकेटच्या नियमाने बसेल आणि चालेलही, पण छायाचित्रांचा मोठा गठ्ठा निर्यात करायला लावला की दहाव्या मिनिटाला तो दम टाकतो. बोर्डाचे छायाचित्र मोठे करून पाहावे: सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला चौकोनी ठोकळ्यांची रांग दिसते आणि त्यावर धातूचे आच्छादन आहे की नाही हेही दिसते. नावापेक्षा ते छायाचित्र अधिक बोलते.

नवखापट्टीचा

‘डी४’ची खूण उपयोगी पडली. मी निवडलेल्या बोर्डाला ते शेपूट होते आणि रॅम मात्र डीडीआर ५ ची ठरवली होती. दोघांपैकी एक बदलतो.

उंचउडी

एका बाबतीत एएमडीचे कौतुक केले पाहिजे. एएम ४ सॉकेटवर २०१७ चा एक्स ३७० बोर्ड आणि २०२२ चा ५८०० एक्स ३डी प्रोसेसर हे दोघे योग्य बायोस घातल्यावर एकत्र नांदू शकतात. बोर्ड वारंवार बदलू नये, हे मी म्हणतो ते याचसाठी.

तळघर

नांदतात, पण त्या संसाराच्या वाटेत पुष्कळ भांडणे झाली. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने बी ४५० वर पुढची पिढी चालणार नाही असे सांगितले होते आणि ओरड झाल्यावर तो निर्णय फिरवला. अडचणीचे एक कारण फार साधे होते: पुष्कळ बोर्डांवरची बायोसची चिप १६ मेगाबाइटची होती आणि इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावत नव्हती. काही बोर्डांवर नवे प्रोसेसर आत घेण्यासाठी जुन्यांना बाहेर काढावे लागले.

उलट दिशेची खोचही याच सॉकेटात आहे. रायझन ५ ३४०० जी हा प्रोसेसर नावाने तीन हजारांच्या मालिकेतला असला तरी त्याची रचना आधीच्या पिढीची आहे, म्हणून त्याला बी ५५० वर अधिकृत आधार नाही. चिपसेटची नावे कमी पडली म्हणून प्रोसेसरांचीही नावे मदतीला धावून आली, असे म्हणावे लागते.

दूर्वादल

सर्वांचे मनापासून आभार. तळघर यांच्या सांगण्याप्रमाणे आधीचा तक्ता मोडला आणि सॉकेटप्रमाणे लावला. प्रोसेसर आधी ठरवला, तो एएम ५ चा रायझन ९००० मालिकेतला, त्यामुळे इंटेलचे तिन्ही चिपसेट आपोआप गळाले. मग एका बी ६५० आणि एका बी ८५० बोर्डाची माहितीपुस्तिका उतरवून घेतली आणि काल रात्री दोन्ही वाचल्या.

बी ६५० च्या पुस्तिकेत एक तळटीप सापडली. तिसऱ्या एम.२ खाचेत एसएसडी लावली तर ग्राफिक्सच्या खाली असलेली दुसरी लांब खाच बंद होते, असे तीत अगदी बारीक अक्षरांत लिहिले आहे. मला दोनच एसएसडी लावायच्या आहेत, म्हणून त्याचे काही वाटले नाही. पण विक्रीच्या पानावर ‘तीन एम.२ खाचा’ आणि ‘दोन लांब खाचा’ असे दोन वेगळे ठळक मुद्दे होते, आणि ते दोन्ही एका वेळी खरे नाहीत हे कुठेही लिहिलेले नव्हते.

माझा कल आता बी ६५० कडे आहे, कारण चिप तीच आहे आणि मला लागणारे सर्व काही त्यावर आहे. एकच शंका उरते: बोर्ड जुन्या साठ्यातला आला आणि त्यातला बायोस ९००० मालिकेच्या आधीचा असला, तर माझ्याकडे तो बदलण्यासाठी दुसरा प्रोसेसर नाही.

खिळेमोळे

बोर्डाच्या मागच्या पट्टीवर ‘फ्लॅश’ असे लिहिलेले छोटे बटण आहे का ते पाहा. असल्यास पेन ड्राइव्हवर नवा बायोस पुस्तिकेत सांगितलेल्या नावाने ठेवायचा, वीज जोडायची आणि ते बटण दाबून धरायचे. प्रोसेसर आणि रॅम नसतानाही काम होते. पेन ड्राइव्ह त्याच बटणासाठी नेमलेल्या यूएसबी खाचेत लावावा लागतो. त्या खाचेभोवती सहसा चौकट छापलेली असते. दिवा लुकलुकणे थांबेपर्यंत कशालाही हात लावू नये.

दूर्वादल

पाहिले. बी ६५० वर बटण आहे, चौकटही आहे. त्या बोर्डाच्या पानावरची प्रोसेसरांची यादीही उघडली: माझा प्रोसेसर तिच्यात आहे आणि किमान कोणता बायोस हवा हेही त्याच्या पुढे लिहिले आहे. उद्या मागणी नोंदवते.

धूळखात

उत्तम. जुन्या संगणकातला बोर्ड टाकून देण्यापूर्वी तो कोणता आहे हे एकदा पाहून ठेवा. तो सुरू होत नसल्यामुळे सीपीयू-झेड (भागांची नावे दाखवणारा प्रोग्राम) चालवता येणार नाही, पण रॅमच्या किंवा ग्राफिक्सच्या खाचांच्या मधल्या पट्टीवर नाव छापलेले असते.

दूर्वादल

धूळ झटकून वाचले. बी ३६५ आहे.

अधोरेखित

जुनापंखा, घ्या, तुमचा अपवाद सहा वर्षे इमानाने चालला.